खायचा नसेल तर मासा पकडायचा कशाला?

गळाच्या मासेमारीबद्दल एका तरुण वाचकाने तीन प्रश्न विचारले आहेत. मासा खायचा नसेल तर पकडायचाच कशाला, आणि पकडून सोडून देण्यात कसली आलीय दया? बैलगाडा शर्यत, पूर्वीची शिकार आणि गळ टाकणं यांत फरक तो काय? आणि नोकरी-संसार सांभाळून हा नाद करायचा तर कसा? पहिल्याचं उत्तर लांबेल, कारण बाकी दोन्ही त्यावरच उभे आहेत.

मासा सोडला म्हणजे पुण्य आणि खाल्ला म्हणजे पाप, असं मी मानत नाही. मासा कोणता, महिना कोणता, पाणी कुठलं आणि तुमच्या हातात तो कसा राहिला, यावर सगळं ठरतं. महासीरसारखा नदीतला मोठा मासा फोटोसाठी पाच मिनिटं दगडावर ठेवून मग "सोडला" म्हणणाऱ्यापेक्षा उजनीच्या चार चिलापी घरी नेऊन कालवण करणारा मला जास्त शहाणा वाटतो.

माशाला दुखतं का, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण प्रश्नाच्या मुळाशी तेच आहे. 2003 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ट्राउट माशाच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक ॲसिड टोचून पाहिलं. माशांचा श्वास वाढला, त्यांनी खाणं टाकलं, काही तर ओठ तळाच्या खडीवर घासू लागले. इजा ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती असतात, हेही त्याच कामात दाखवलं गेलं. माशाच्या मेंदूत आपल्यासारखा बाह्य थर नाही, म्हणून त्याला वेदना "जाणवत" नाही, असं म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत. हा वाद मी मिटवू शकत नाही. पण संशयाचा फायदा द्यायचा तर तो माशालाच, हा माझा नियम आहे. त्याला दुखतं असं धरूनच मी पाण्यावर जातो.

स्वित्झर्लंडने या विचारातून टोकाची भूमिका घेतली. सोडून देण्याच्याच इराद्याने गळ टाकायला तिथे कायद्याने मनाई आहे. पकडायचा तो खाण्यासाठी, एरवी त्रास द्यायचा नाही. त्या भूमिकेबद्दल मला आदर आहे, पण आपल्या नद्यांना ती जशीच्या तशी लावता येणार नाही. लागलेला प्रत्येक मासा मारायचाच असं ठरलं, तर दुर्मीळ मासासुद्धा मारावा लागेल.

मग मी गळ टाकतो तरी का? मला ते आवडतं म्हणून. हे पहिलं कारण आहे आणि ते पर्यावरणाच्या नावाखाली झाकणं मला पटत नाही. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बोटावर ठेवून बसलं की खाली काय चाललंय ते कळतं. बारीक टकटक म्हणजे लहान मासे आमिष कुरतडताहेत. तंगूस हळूच एका बाजूला सरकू लागलं की चिलापीने कणीक तोंडात धरलेली असते. मरळ एकदा गप्पकन घेते आणि मग क्षणभर काहीच होत नाही, त्या क्षणी घाई केली की गेली. महासीर लागला तर विचार करायला वेळच मिळत नाही, रीळ ओरडायला लागतं आणि मासा धारेच्या दिशेने सुटलेला असतो. ही ओढ ज्याने हातात घेतली नाही त्याला ती शब्दांत पटवता येत नाही, आणि ज्याला नको वाटते त्याच्या गळी उतरवण्याची गरजही नाही.

दुसरं कारण, गळवाल्याला नदी कळते. वाळूउपसा सुरू झाला की डोह कुठे सरकला, साखर कारखान्याचा हंगाम लागला की पाण्याला कसला वास येतो, कोळस मासा कुठल्या साली दिसेनासा झाला, हे काठावर तासन्‌तास बसणाऱ्याला आपोआप समजत जातं. पण नदी कळली म्हणून माशाला त्रास द्यायचा परवाना मिळत नाही. तो हक्क दर वेळी हाताने कमवावा लागतो, आणि नव्या लोकांना कोणी नीट सांगत नाही ते नेमकं हेच.

1992 मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ट्राउट माशांना दमवलं, म्हणजे गळावर झुंजताना दमतात तसं, आणि काहींना त्यानंतर पाण्याबाहेर धरलं. पाण्यातच ठेवलेल्या दमलेल्या माशांपैकी बारा तासांनंतर 88 टक्के जिवंत होते. 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 62 टक्के, आणि 60 सेकंद धरलेल्यांपैकी फक्त 28 टक्के. एक मिनिट! फोन खिशातून काढून, कॅमेरा उघडून, "जरा वर धर, डोकं इकडे" म्हणेपर्यंत एक मिनिट सहज होतं. पाण्यात कल्ल्यांचे बारीक पदर सुटे तरंगत असतात. हवेत ते एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू घेण्याची जागाच संपते. तो प्रयोग थंड पाण्यातल्या माशांवर झाला होता, त्यामुळे तेच आकडे महासीरला किंवा मरळीला लावू नयेत. मरळ तर हवेतूनही श्वास घेते. पण रोख कळायला ते पुरेसे आहेत.

आपल्याकडे त्यात उन्हाळ्याची भर पडते. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशाला जेमतेम साडेसात. म्हणजे मासा जास्तीत जास्त दमतो तेव्हाच पाण्यात त्याच्यासाठी प्राणवायू कमीत कमी असतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मी ऊन चढायच्या आत गळ गुंडाळतो, आणि उथळ, साचलेल्या डोहात महासीरसाठी गळ टाकतच नाही. अशा डोहात अडकलेले मासे पहिल्या पावसाची वाट पाहत कसेबसे तग धरून असतात.

गळ पाण्यात पडण्याआधीच अर्धं काम झालेलं असावं लागतं. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा, ज्याला आम्ही बार्ब म्हणतो, तो पकडीने दाबून सपाट करा. मासे सुटतात ही भीती खोटी आहे. तंगूस ताठ ठेवलं तर सुटत नाहीत, आणि सुटला तरी सोडायचाच होता ना? एका आमिषाला एकच गळ लावा. तीन आकड्यांचा गळ माशाच्या तोंडाची चाळण करतो, डोळ्यातही रुततो. आमिष लावून थांबायचं असेल तर गोल वळलेला सर्कल हुक घ्या. तो झटका न देता हळू ताण दिला की बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. आणि तंगूस माशाच्या मानाने बारीक नको. बारीक तंगुसावर मोठा मासा खेळवण्यात मर्दुमकी मानणारे लोक आहेत. पण त्या पंधरा-वीस मिनिटांच्या झुंजीत माशाच्या अंगात आम्ल साठत जातं, आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर पोहत जाऊन तासाभराने दगडाखाली मरू शकतो. जाड तंगूस, लवकर काठाला, लवकर परत.

हातात घेण्याआधी हात भिजवा. कोरड्या हाताला किंवा फडक्याला माशाचा बुळबुळीतपणा पुसला जातो, आणि बुरशीपासून त्याला वाचवणारा तोच थर असतो. कल्ल्यांत बोट घालू नका. जबड्याला धरून मोठा मासा उभा लटकवू नका, त्याच्या आतड्यांचा भार पाण्याने पेलायचा असतो, मणक्याने नाही. गुडघाभर पाण्यात उतरा, जाळी पाण्यातच राहू द्या आणि तिथेच पकडीने गळ काढा. महासीरचा जबडा बिनदाताचा असतो, ओठ जाड, मांसल आणि खाली वळलेले, त्यामुळे गळ निघायला सोपा जातो. त्याचे दात असतात घशात. शिंपले आणि खेकडे तो तिथे भरडतो, आणि खोलवर गिळलेला गळही तिथे वाकलेला सापडतो. गळ खोल गेलाच असेल तर ओढाताण करू नका. तंगूस तोंडाजवळ कापा आणि मासा जाऊ द्या. काढण्याच्या नादात आतडं फाटण्यापेक्षा गळ आत राहिलेला परवडला.

सोडताना त्याचं तोंड धारेकडे ठेवून पोटाखाली हात धरा, आणि तो स्वतः शेपटी मारेपर्यंत थांबा. पुढे-मागे ढकलत बसायची गरज नाही. मागे ओढलं की पाणी कल्ल्यांत उलटं शिरतं. महासीर सावरला की आधी हातातलं त्याचं अंग घट्ट होतं, मग कल्ल्यांची उघडझाप सावकाश आणि खोल होते, आणि मग एकाच फटक्यात तो हातातून निघून जातो. तो निघाला नाही तर तुम्हीही निघू नका, मग अंधार पडला तरी.

आता सोडायचे कोणते आणि खायचे कोणते? इथे माझी मतं ठाम आहेत. चिलापी परत पाण्यात सोडू नका. ती मूळची आफ्रिकेतली. पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षात अनेकदा विते, आणि एकदा जलाशयात शिरली की देशी माशांची जागा खाते. सायप्रिनसचंही, म्हणजे कॉमन कार्पचंही तेच, तो तळ उकरून पाणी गढूळ करतो. आफ्रिकन मांगूर तर पाळायलाही देशात बंदी आहे, तो हातात आला तर जिवंत सोडणं म्हणजे नदीवर अन्याय. हे मासे काठावरच डोक्यात एक नेमका फटका देऊन लगेच मारा आणि खा. पिशवीत तडफडत ठेवू नका, ती क्रूरता आहे आणि चवही बिघडते. याउलट महासीर, म्हणजे आपल्या लोकांचा खडस, माझ्या मते आज कुठल्याच नदीतून घरी नेऊ नये. कटला-रोहू धरणात बहुधा मत्स्यबीज सोडून वाढवलेले असतात आणि त्यावर स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेचं पोट असतं. तिथे संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली कणसं तोडणं.

महिन्याचा मुद्दा त्याहून मोठा आहे. पहिला जोराचा पाऊस पडला की नदीतले मासे ओढ्यांतून, ओहोळांतून, भाताच्या खाचरांत अंडी घालायला चढतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात, काही ठिकाणी वलगणीचे. त्या दोन-चार रात्री बॅटरी घेऊन, पोत्यांनी, काठ्यांनी, हातांनी मासे मारण्याची जुनी हौस आहे आणि तिच्यामागची मजाही मला कळते. पण अंडी पोटात घेऊन चढणारी मादी मारली, की त्या ओढ्याचं पुढचं वर्ष संपलं. समुद्रात यांत्रिक बोटींना पावसाळ्यात बंदी असते, तिचं कारण सगळ्यांना पटतं. ओढ्याला तेच कारण लागू आहे, फक्त पहारेकरी नाही. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून मनाई आहे, तरी आजही डोहात ब्लीचिंग पावडर पडते आणि विजेची तार सोडली जाते. हे करणाऱ्याला मी मासेमार म्हणत नाही.

माशांना अभय देण्याची कल्पना बाहेरून आयात झालेली नाही. देहूला इंद्रायणीत, वाड्याजवळ तिळशाला वैतरणेत, महाडजवळ वाळण कोंडीत लोकांनी देवाच्या नावाने महासीर राखले. तिथे ना गळ, ना जाळं. या डोहांपाशी मी रॉड गाडीतच ठेवतो.

तुमचा दुसरा प्रश्न. बैलगाडा शर्यतीवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली, 2017 मध्ये राज्याने कायदा बदलला, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो बदल ग्राह्य धरला. कायद्याच्या बाजूने प्रश्न सुटला. माझ्यापुरता तो सुटतो एकाच गोष्टीने. बैलाला पळायला लावताना हातात काय आहे? शेपटी चावणं, खिळ्याची काठी, विजेचा झटका यांशिवाय जो बैल पळतो आणि वर्षभर गोठ्यात लेकरासारखा राखला जातो, त्याच्या शर्यतीला माझा विरोध नाही. ही साधनं वापरणाऱ्याला आहे, मग शर्यतीचा घाट कितीही जुना असो. शिकारीचं मात्र वेगळं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती थांबली ते योग्यच झालं आणि ती परत यावी असं मला वाटत नाही. बंदुकीतून सुटलेली गोळी मागे घेता येत नाही. गळवाला मासा हातात आल्यावरही निर्णय बदलू शकतो, आकार पाहून, पोटातली अंडी पाहून. तरी एक मान्य केलं पाहिजे. तिघांच्या मागची ओढ एकाच जातीची आहे, जनावराच्या जवळ जाण्याची. ती ओढ वाईट नाही. तिला शिस्त नसणं वाईट.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दूरच्या नद्यांची स्वप्नं बाजूला ठेवा आणि घरापासून तासाभरात पोचता येईल असं एक पाणी निवडा. परवानगी कोणाची लागते ते आधी विचारा. संस्था असेल तर संस्थेची, धरण असेल तर पाटबंधारे खात्याचे नियम, आणि अभयारण्य असेल तर विषयच संपला. सात फुटांचा साधा रॉड, मध्यम रीळ, लहान गळ आणि मळलेली कणीक किंवा गांडूळ, एवढ्यावर चिलापी लागते आणि हात तयार होतो. पहाटे निघा, न्याहारीपर्यंत परत या. घरच्यांना रविवार अख्खा गेला असं वाटलं नाही तर नाद टिकतो, नाहीतर दोन वर्षांत रॉड माळ्यावर जातो. मुलांना न्या, पण त्यांच्यासाठी न्या. त्या दिवशी तुमचा गळ पाण्यात नको. धरणाखालच्या पात्रात एकट्याने उतरू नका, विसर्गाचा भोंगा वाजल्यावर सामान गोळा करत बसू नका. तुटलेलं तंगूस खिशात घालून घरी आणा, ते वर्षानुवर्षं कुजत नाही आणि बगळ्यांच्या पायांत गुंततं.

आणि एक वही ठेवा. हे मी सगळ्यांत कळकळीने सांगतो, कारण तिच्यामुळे काय घडू शकतं याचं एक उदाहरण कावेरीवर आहे. कावेरीच्या खोऱ्यात कुबडाचा महासीर राहतो, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांपैकी एक. 1946 मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला 120 पौंडांचा, म्हणजे साधारण 54 किलोंचा मासा आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. तिथल्या मासेमारीच्या कॅम्पवर लोक नाचणीच्या गोळ्यावर महासीर पकडत आणि सोडत, आणि किती तास गळ टाकला, काय लागलं, वजन किती, याची नोंद ठेवत. 2012 पर्यंत अभयारण्यातली ही मासेमारी बंद झाली. त्यानंतर संशोधकांनी एका कॅम्पच्या 1998 पासूनच्या नोंदी काढून पाहिल्या. निळ्या परांचा महासीर वाढत चालला होता, आणि कुबडाचा तासामागे कमी कमी लागत होता. पण लागणाऱ्या कुबडाच्या माशाचं सरासरी वजन मात्र वाढत होतं. गळवाल्याला असं वर्ष फार चांगलं वाटतं, मासे थोडे पण मोठे. खरा अर्थ उलटा होता. म्हातारे मासे तेवढे उरले होते, खालून पिल्लं येतच नव्हती.

निळ्या परांचा महासीर मूळचा आपला. सायक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचं वर्णन केलं. लोणावळ्याला त्याचं कृत्रिम प्रजनन यशस्वी झालं आणि पिल्लं चांगल्या हेतूने देशभर गेली, कावेरीतही. तिथे तो पाहुणा घरमालक झाला. कुबडाच्या माशाचं शास्त्रीय नाव 2018 मध्ये कुठे पक्कं झालं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. विक्रमी मासा म्हणून पाऊणशे वर्षं ज्याचं नाव घेतलं जात होतं, तो नेमका कोणता हेच तोवर ठरलं नव्हतं. त्या वह्या नसत्या तर त्याची घसरण आकड्यांत मांडायला फारसं काही हाती आलं नसतं. आणि पिल्लं सोडण्याचा आग्रह धरणाऱ्यांत मासेमारही होते, हेही त्याच गोष्टीत आहे.

म्हणून वहीत तारीख, ठिकाण, गळ पाण्यात किती वाजता गेला आणि किती वाजता निघाला, पाण्याची पातळी, आमिष, माशाची जात आणि लांबी लिहा. लांबी पाण्यातच रॉडवरच्या खुणांवर मोजा, वजनासाठी मासा बाहेर काढू नका. पिल्लं दिसली तर तेही लिहा. आणि काहीच लागलं नाही ते दिवस गाळू नका. तासामागे किती मासे हा हिशोब त्या रिकाम्या दिवसांशिवाय खोटा ठरतो, आणि बहुतेक लोक नेमके तेच दिवस लिहायचे सोडतात.